मालूस पत्र: गोधडीला कात्री लावण्याआधी

गुहागर,
श्रावण

प्रिय मालू,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. सासूबाईंच्या साड्यांची ट्रंक काढलीस आणि त्यांच्या गोधड्या करायचं ठरवलंस, हे वाचून फार बरं वाटलं. 'आत कापूस भरू की फायबर' असं विचारलं आहेस, म्हणून आधी त्याचंच उत्तर देते: दोन्ही नको. आपल्या किनाऱ्यावर वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, चार महिने हवा ओलीच असते. कापूस एकदा दमट झाला की वरून हाताला कोरडा लागतो, आत ओल तशीच राहते. मग कुबट वास येतो, पाठोपाठ बुरशीचे काळे ठिपके. सावरीचा कापूस उशीला उत्तम, पण गोधडीत तो टाक्यांत धरून राहत नाही, सरकतो आणि त्याचे गोळे होतात. फायबर वाळतं लवकर, पण घाम टिपत नाही. देशावर जाड वाकळ शोभते, तिथली थंडी कोरडी आणि ऊनही खणखणीत. आपली गोधडी नुसत्या जुन्या साड्यांची, चार थरांची आणि सकाळी धुतली तर संध्याकाळी घडी घालता येईल अशीच हवी. माप, दोरा, टाक्यांतलं अंतर हे सगळं यावरूनच ठरतं.

ट्रंकेतल्या साड्या आधी वेगळ्या कर. शंका आली तर कडेचे दोन धागे ओढून चिमट्यात धरून पेटव. सुती धागा कागदासारखा जळतो आणि मऊ राख राहते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. मणी झाला ती साडी बाजूला ठेव. तिच्यातून सुई नीट जात नाही आणि ती बाकीच्या थरांवर घसरत राहते. मग प्रत्येक सुती साडी दारातल्या उजेडासमोर धर. जिथे विरली असेल तिथे दोन्ही अंगठ्यांनी उभं-आडवं ताणून बघ. टरकन फाटली तर तेवढा भाग काढून टाक, नुसती पातळ झाली असेल तर आत घाल. वर आणि खाली येणारं कापड मात्र मजबूत हवं, झीज तेच सोसतं.

सगळ्या साड्या आधी धुवून घे, ट्रंकेत स्वच्छ असल्या तरीही. खळीच्या कापडाला कसर लागते, म्हणून खळ पूर्ण जायला हवी. रंगाची परीक्षाही याच वेळी कर: पांढरं फडकं ओलं करून लाल, मरून, गडद निळ्या भागावर घास. फडक्याला रंग लागला तर ती साडी गोधडीत घेऊच नकोस, शेजारचा पांढरा थर पहिल्याच धुण्यात खराब होतो. एखादा थर नव्या कापडाचा लावायचा असेल तर तेही गरम पाण्यातून काढून वाळवून घे. नवं सुती कापड ३ ते ५ टक्के आटतं. जुनं आधीच आटलेलं असतं. न धुता दोन्ही एकत्र शिवलीस तर नंतर जुनं कापड फुगून राहतं, आणि त्याला इलाज नाही.

आता माप. एका माणसाच्या गोधडीला ६० इंच रुंदी आणि ९० इंच लांबी पुरते. बोटभर काठाच्या साध्या पाचवारी साडीचा पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, ४५ इंच आणि लांबी साडेपाच मीटर, म्हणजे २१६ इंच धर. तिचे ९० इंचांचे दोन तुकडे कर. एक अख्खा ठेव, दुसऱ्याची १६ इंच रुंद पट्टी काढून त्याला जोड. दोन्हीकडून अर्धा-अर्धा इंच शिवणीत गेला की बरोबर ६० इंच भरतात. हा झाला वरचा थर, आणि दुसऱ्या साडीचा असाच खालचा. दोन्हींतून २९-२९ इंचांच्या पट्ट्या उरतात, त्या एकमेकींना जोडल्या की ५७ इंचांचा आतला थर फुकटात मिळतो. तो दोन्ही बाजूंनी दीड-दीड इंच कमी पडतो ते चांगलंच, कारण कड जाड होत नाही आणि शेवटी सुई अडत नाही. चौथा थर तिसऱ्या साडीचा. तिचे काठ मात्र आधी सव्वादोन इंच रुंद काढून ठेव, ते गोटाला, म्हणजे कडेभोवतीच्या पट्टीला, लागतील. एवढं लक्षात ठेव की चारही थरांचे जोड एकाखाली एक येऊ द्यायचे नाहीत, नाहीतर मधोमध दोरीसारखा कंगोरा पाठीला टोचतो. जोड मशिनवर घातलास तरी चालेल. साडीचा तुकडा कात्रीने न कापता, छोटी चीर देऊन फाड. सुती कापड धाग्याच्या रेषेत सरळ फाटतं, कात्री तिरकी जाते. अशा तीन साड्यांची गोधडी सव्वा ते दीड किलो भरते. ओली झाली तरी एका बाईला पिळून दोरीवर टाकता येते.

थर पसरायला माजघरातली लादी बरी. खालचा थर उलटा टाक, चारी कोपरे आणि कडांच्या मधल्या जागा चिकटपट्टीने लादीला चिकटव. कापड सपाट हवं, ताणलेलं नको. ताणून चिकटवलंस तर पट्टी काढल्यावर ते आक्रसतं आणि वरच्या थराला चुण्या पडतात. त्यावर एकेक थर टाकून मधून कडेकडे तळव्याने सारखा करत जा. मग कच्चे टाके घाल: वेगळ्या रंगाचा दोरा, मोठे टाके, ओळी वीतभर अंतरावर, सुरुवात मधून. पुष्कळ जणी या वेळी घाई करतात आणि पुढे महिनाभर ती निस्तरतात. कच्च्या टाक्यांऐवजी सेफ्टी पिना लावू नकोस, निदान पावसाळ्यात तरी नाही. आपल्या हवेत त्यांचा गंज कापडात उतरतो आणि वर गोल तपकिरी डाग राहतात.

दोरा जाड सुती घे. पातळ पॉलिस्टरचा दोरा मजबूत असतो, पण जुन्या मऊ कापडाला तो कापत जातो, दोन-तीन वर्षांनी टाके शाबूत राहतात आणि कापडाला चिरा पडतात. किती लागेल याचा हिशोब सोपा आहे. ओळी एक-एक इंचावर घेतल्या तर ६० गुणिले ९० म्हणजे ५४०० इंच, सुमारे १३७ मीटर धावदोरा होतो. थरांतून खालीवर जाण्यात आणि टोकं तोडण्यात जाणारा धरून २०० मीटर आणून ठेव. एका इंचात चार टाके धरले तर साऱ्या गोधडीत एकवीस हजारांवर टाके होतात. हा आकडा घाबरवायला सांगत नाही. इतक्या टाक्यांत हात आपोआप सारखा होतो, पहिल्या ओळी वाकड्या आल्या म्हणून उसवत बसू नकोस, हे सांगायचं आहे.

सुईत दोरा हातभरच ओव. लांब दोऱ्याने वेळ वाचेल असं वाटतं, पण प्रत्येक टाक्याला तो त्याच कापडातून ओढला जातो, त्याचं सूत सुटतं, गुंता होतो आणि शेवटचा वीतभर दोरा अर्धा झिजलेला असतो. ओवलेला दोरा मेणावरून एकदा ओढून घे, म्हणजे दमट हवेत चिकटत नाही. गाठ कापडावर ठेवू नकोस, धुण्यात ती घासून तुटते. सुई ओळीच्या इंचभर अलीकडे फक्त वरच्या थरात घाल, ओळीच्या सुरुवातीला बाहेर काढ आणि हलकासा हिसका दे. 'टप्' असा बारीक आवाज होतो आणि गाठ आत जाऊन बसते. शेवटी एकावर एक दोन उलटे टाके घाल, सुई थरांमधून इंचभर पुढे काढ आणि दोरा कापडालगत तोड.

आता टाका. सुई आडवी सरकवायची नाही, उभी टोचायची, तरच चारही थर सापडतात. डावा हात गोधडीखाली ठेव. मधल्या बोटाला सुईचं टोक लागलं न लागलं की सुई आडवी करून टोक वर आण, पुन्हा उभी कर. असे चार-पाच टाके सुईवर भरले की अंगुस्तानाने, म्हणजे बोटात घालायच्या टोपीने, मागून रेट आणि दोरा ओढून घे. दोरा 'बसेल' इतकाच ओढायचा, आवळायचा नाही. मग शिवलेल्या ओळीवरून अंगठा उलटा फिरव, जास्तीचा ताण सुटतो. हे जमायला लागलं की या कामाची खरी गोडी कळते. सुई चार थरांतून जाताना प्रत्येक साडी वेगळी लागते: धुऊन धुऊन मऊ झालेली चटकन वाट देते, घट्ट विणीची जरा अडवते. काही दिवसांनी न बघता बोटांना कळतं की आता आत कोणती साडी आली. वीज गेली, कौलांवर पाऊस कोसळतोय, मशिन बंद, तरी पडवीच्या उजेडात हातशिलाई चालूच राहते. शेजारीण येऊन बसली तर दुसरं टोक तिच्या मांडीवर द्यायचं. उजेड मात्र डावीकडून येऊ दे, नाहीतर हाताची सावली नेमकी टाक्यावर पडते.

पहिल्या गोधडीला सरळ उभ्या ओळी घे. मधली ओळ आधी, मग तिच्या उजवीकडच्या, मग डावीकडच्या. ढिलं कापड कडेकडे सरकत जातं आणि तिथे कापून टाकता येतं. चौकोनात चौकोन दिसायला फार सुरेख, पण ते कडेकडून आत येतात आणि सगळा ढिलेपणा मध्यावर जमून फुगा येतो. कारवारच्या वर घाटात, हल्याळ-यल्लापूरकडे, सिद्दी समाजातल्या बायका कवंदी, म्हणजे त्यांच्याकडची गोधडी, शिवतात ती अशीच कडेपासून मध्याकडे. त्या कापडाचे तुकडे लावतच आत येतात, म्हणून त्यांना ढील सांभाळता येते. चार कोपऱ्यांत घड्या घातलेल्या कापडाची त्रिकोणी फुलं लावतात, त्याशिवाय कवंदी अपुरी मानतात. तुला हौस वाटली तर तूही कोपऱ्यांना लाव, कोपरेच आधी झिजतात आणि फुलांमुळे तिथे जाडी येते.

दर दोन-तीन ओळींनी गोधडी उलटून बघ. खालच्या थराची घडी टाक्यात सापडली असेल तर तेव्हाच उसवणं सोपं. दहा ओळींनंतर ती दिसली तर सगळ्या ओळी काढाव्या लागतात. सुई घामाने अडखळू लागली की हाताला थोडी टाल्कम पावडर लाव. गंजाचा ठिपका दिसला तर सुईला पॉलिश पेपरवर घासून घे. डाव्या हाताचं बोट खरखरीत होतं, त्याला खोबरेल रात्री झोपताना लाव, शिवायला बसताना नाही, तेलाचा डाग चारही थरांत उतरतो.

गोट शेवटी. चारी कडा मिळून ३०० इंच होतात, जोड आणि कोपरे धरून ३१२ इंच पट्टी लागेल. तिसऱ्या साडीच्या दोन काठांत ती निघून वर उरते. पट्टी वरच्या बाजूला अर्ध्या इंचावर शिव, कडेवरून मागे वळव आणि बारीक हेम घाल. काठाची पक्की किनार मागच्या बाजूला आली तर ती दुमडावीही लागत नाही. कोपऱ्यापाशी आल्यावर अर्धा इंच आधी थांब, पट्टी तिरकी वर दुमड, मग पुढच्या कडेला सरळ खाली आण. ही घडी न घेता पट्टी ओढून वळवलीस तर कोपरा गोल होतो आणि पुढे तिथेच उसवतो.

मला विचारशील तर सुरुवात नातवाच्या दुपट्याने कर. ३६ इंच लांब-रुंद, तीनच थर, दोरा ४५ मीटर पुरे, आणि हात बसतो. त्यात सर्वांत जुनी, मऊ साडी आणि धोतर घाल, जरीचा धागाही नको. आणि दुपट्यांच्या घड्यांत डांबरगोळ्या ठेवू नकोस, नवजात बाळांना त्यांनी कावीळ होऊ शकते. वाळवलेला कडुनिंबाचा पाला पुरे. ठेवतानाही प्लॅस्टिकच्या पिशवीत नाही, जुन्या सुती चादरीत गुंडाळून ठेव. वैशाखात कडक ऊन दाखवायचं, आणि पावसाळ्यात उघाड मिळाली की तासभर दोरीवर.

अजून कात्री लावली नसशील तर थांब. इथला सगळा हिशोब ४५ इंची पन्ह्याचा आहे. सासूबाईंच्या साड्यांत नऊवारीही असतील, त्यांची लांबी आणि पन्हा वेगळा भरेल. प्रत्येक साडीचा पन्हा, लांबी आणि काठाची रुंदी मोजून मला लिही, म्हणजे कोणत्या साडीतून काय काढायचं ते पुढच्या पत्रात आखून पाठवते. घरी सगळ्यांना नमस्कार, बाळाला आशीर्वाद.

तुझी,
विजू