नानांची खतावणी आणि माझा कॉम्प्युटर

पुणे,
14 जून

प्रिय अव्या,

तुझा फोन आला तेव्हा मी नानांच्या खोलीत फरशीवर पालथा पडून पलंगाखालचं खोकं ओढत होतो. शुभाने तुला "ते कॅसेटी करतायत" एवढंच सांगितलं आणि फोन ठेवला. त्यावर तू रुसून बसलास, हे वहिनींकडून कळलं. म्हणून हे पत्र. एक कामही आहे तुझ्याकडे, पण ते शेवटी सांगतो. आधी सांगितलं तर तू मधलं वाचणार नाहीस, तुला ओळखतो मी.

नानांच्या 114 कॅसेटी आहेत. बहुतेक सी-90, म्हणजे नव्वद मिनिटांच्या, सगळ्या रेडिओवरून किंवा मैफलीत बसून भरलेल्या. आणि त्यांची एक खतावणी आहे, लाल कापडी बांधणीची. जन्मभर बँकेत काढलेल्या माणसाने गाण्याची नोंद दुसऱ्या कशात ठेवावी? रकाने आखलेत: क्रमांक, बाजू, आकडा, राग, गायक, साथ, कुठून, शेरा. शेऱ्यात "ठीक", "उत्तम", "पुन्हा ऐकणे". एका फार मोठ्या गवयाच्या नावापुढे "जांभया" आहे. नाव सांगत नाही, तू मिरजेत राहतोस, तुला मारतील.

या सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घ्यायच्या असं मी दिवाळीत ठरवलं. एक महिन्याचं काम असेल असं वाटलं होतं. नव्वद मिनिटांची कॅसेट भरायला नव्वद मिनिटंच लागतात, हे साधं गणित माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आपण हॉस्टेलवर सीडीवरून गाणी उतरवायचो तो प्रकार नाही हा. तिथे तास-सव्वा तासाची सीडी चहा होईपर्यंत उरकायची. इथे टेपला घाई करता येत नाही.

सुरुवातीला एक स्वस्तातला प्लेअर आणला, थेट कॉम्प्युटरला जोडायचा. पहिली कॅसेट लावली. नाना आरामखुर्चीत डोळे मिटून. दोन मिनिटांनी म्हणाले, "स्वर चढलाय. काळी एक आणि पांढरी दोनच्या मधे कुठेतरी लोंबकळतोय." मी म्हटलं, असं कसं होईल. मग त्यांनी पेटी काढायला लावली. बरोबर होतं त्यांचं. अर्धा स्वर म्हणजे सुमारे सहा टक्क्यांचा फरक, त्याचा निम्मा, म्हणजे प्लेअर तीन टक्के वेगाने पळत होता. 81 वर्षांच्या माणसाच्या कानाने ते पकडलं. मी इंजिनिअर, मला काहीही कळलं नव्हतं.

तो प्लेअर परत केला. जुन्या बाजारात तीन रविवार हिंडून एक वापरलेला डेक मिळवला. त्याच्या मोटारीच्या पाठीला बारीक भोक असतं, त्यात स्क्रू, तो फिरवला की वेग जुळतो. नाना पेटीचा स्वर धरून बसले आणि मी स्क्रू फिरवत होतो, "अजून, अजून, थांब, मागे". तंबोरा जुळवताना होतं तसं. हेडशेजारी आणखी एक स्क्रू असतो, हेडचा कोन बदलणारा. तो जरा हलवला आणि इतका वेळ गोधडीखालून येणारा आवाज एकदम उघड्यावर आला. तीन-चार कॅसेटींची आतली फेल्टची पट्टी गळून पडली होती. पाच स्क्रू खोलून टेप दुसऱ्या डबीत बसवली. हे करताना श्वास रोखून धरावा लागतो. शिंक आली तर 1979 सालचा मुलतानी फरशीभर.

आता माझा मूर्खपणा ऐक. ऑडॅसिटी म्हणून आवाज भरायचा-कापायचा प्रोग्रॅम आहे, त्यात टेपची खरखर घालवायची सोय आहे. नुसत्या खरखरीचा एक तुकडा दाखवायचा, मग ते सगळ्या फाइलमधून तसला आवाज वजा करतं. मी गाणं सुरू व्हायच्या आधीचा तुकडा दाखवला. खरखर गेली, मी खूश. नानांना ऐकवलं, ते म्हणाले, "तंबोरा कुठाय?" अरे, गाण्याच्या आधी तंबोरा सुरू झालेलाच असतो! सतत, एकसारखा, न थांबणारा. कॉम्प्युटरने त्यालाच खरखर समजून काढून टाकलं होतं. गवई बिचारा पाण्याखाली एकटाच गात होता. तेव्हापासून खरखरीला हात लावत नाही. शांतता शोधून फाइलचे आपोआप तुकडे करण्याची सोयही तशीच निकामी ठरली, कारण तंबोरा वाजतोय तोवर शांतता कुठली?

मग तुकडे करायचे कुठे? खतावणीत "आकडा" आहे की! 000, 143, 388 असे. मी ते सेकंद धरून चाललो आणि पहिल्याच कॅसेटीत यमनचा गळा तराण्याच्या मधे कापला. आकडा म्हणजे सेकंद नव्हेत, चक्रीचे फेरे. टेप सेकंदाला 4.76 सेंटिमीटर अशी एकाच गतीने चालते, पण गुंडाळणारी चक्री लठ्ठ होत जाते आणि तिचा एक फेरा व्हायला जास्त जास्त वेळ लागतो. म्हणून सुरुवातीला आकडे भराभर पळतात आणि शेवटी रेंगाळतात. तेव्हा मास्तर, तुमची आठवण झाली. वेळ बरोबर अ गुणिले आकडा, अधिक ब गुणिले आकड्याचा वर्ग. तीन कॅसेटींवर राग बदलण्याच्या जागा कानाने शोधल्या, अ आणि ब काढले, आणि बाकीच्या कॅसेटी दहा-पंधरा सेकंदांच्या फरकाने पटापट बसल्या. सी-60 ची टेप जाड, म्हणून तिचा ब वेगळा. तुझ्या दहावीच्या पोरांना हे सांग. वर्गसमीकरण आयुष्यात कुठे लागतं म्हणून विचारतात ना?

फाइली झाल्या. खरी कटकट पुढे होती. त्या ठेवायच्या कशा?

हॉस्टेलवरची आपली एमपी3 आठवतात? "ट्रॅक 01", "अननोन आर्टिस्ट". सातशे एमबीच्या एका सीडीवर अकरा-बारा तास गाणी मावतात याचंच तेव्हा अप्रूप, नावं कोण लिहितो. ती सगळी अजून माझ्याकडे आहेत. पिकार्ड नावाचा एक प्रोग्रॅम आहे, तो गाण्याचा ठसा घेऊन नाव शोधून आणतो, बोटाच्या ठशावरून माणूस शोधावा तसा. सिनेमाची बरीचशी गाणी त्याने ओळखली. ख्यालांच्या बाबतीत मात्र तो चाचपडला. एकाच गवयाचे पाच जण झाले: एकाला "पं." लावलेलं, एकाला "पंडित", एक नुसताच, एक इंग्रजीत, एक इंग्रजीत पण वेगळ्या स्पेलिंगने. अक्षरवारी लावली की सगळे पंडित एका वाड्यात आणि सगळे उस्ताद दुसऱ्या. नाना म्हणाले, "मतदार यादी आहे का ही?"

मुळात या प्रोग्रॅमांची कल्पना अशी की गायक असतो, त्याचा अल्बम असतो, अल्बममध्ये गाणी असतात. "कल्याणचा अल्बम कुठला?" या नानांच्या प्रश्नाला मी काय उत्तर देऊ? विलंबित आणि द्रुत वेगळ्या फाइलीत टाकले आणि उलटसुलट वाजवायचं बटण चुकून दाबलं गेलं, तर द्रुत आधी आणि त्याचा विलंबित परवा. आधी पान आणि मग जेवण.

बरेच दिवस मी खतावणी त्या रकान्यांत कोंबत होतो. मग एका रात्री उलटं केलं. फ्लॅक नावाचा प्रकार आहे, आवाजातलं काहीही न गमावता फाइल निम्म्याच्या आसपास आणतो. एरवी मिनिटाला दहा एमबी या हिशेबाने 114 कॅसेटींना शंभर जीबी लागले असते. पण मला त्याची खरी आवडलेली गोष्ट वेगळीच. त्यात माहितीचे रकाने आपण आपले पाडू शकतो. रकान्याचं नाव तेवढं इंग्रजी अक्षरांत द्यावं लागतं, आत देवनागरी बिनधास्त. जुन्या एमपी3 मध्ये शेवटच्या 128 बाइटांत सगळी माहिती कोंबलेली असायची, नावाला तीस अक्षरं, तीही इंग्रजीच, आणि देवनागरी लिहिलं की प्रश्नचिन्हांची रांग. आता मी नानांचेच आठ रकाने जसेच्या तसे पाडले. शेऱ्यासकट. "जांभया" सुद्धा. फूबार2000 या गाणी वाजवायच्या प्रोग्रॅममध्ये ते सगळे नीट दिसतात, शोधताही येतात. एकच नियम कडक: नाव एकाच पद्धतीने लिहायचं. मालकंस म्हणजे मालकंस. मालकौंस नाही, मालकोश नाही. नानांनी लिहिलंय तेच प्रमाण.

आणि अव्या, त्यानंतर गंमत झाली. एका रविवारी दुपारी मी सहज "सारंग" शोधलं. चौदा फाइली समोर आल्या, वीस वर्षांच्या अंतराने भरलेल्या, खोक्यात कधी एकमेकींशेजारी नसलेल्या. वृंदावनी, शुद्ध, मधमाद, गौड. ओळीने लावत गेलो. शुद्ध सारंगात दोन्ही मध्यम आहेत हे वाचून माहीत होतं, कानाला प्रथमच लागलं, कारण आधीचा वृंदावनी नुकताच संपला होता. गौड सारंग लागल्यावर मी म्हटलं, हा वेगळाच वाटतो. नाना न बघताच म्हणाले, "तो नावाचाच सारंग." चाळीस वर्षं या घरात हे गाणं वाजत होतं रे. मी कॅरम खेळत होतो.

आता प्रहराच्या याद्या केल्यात. सकाळी तोडी-ललत, दुपारी सारंग-भीमपलास, कातरवेळी मारवा-पूरिया, रात्री बागेश्री-मालकंस. कॉम्प्युटर चालू केला की घड्याळ बघून योग्य ती यादी मी लावतो. फोनवरचं एक ॲप मला सकाळी साडेसातला दरबारी सुचवतं, वर "मन शांत करणारे संगीत" म्हणतं. नानांना दाखवलं नाही.

पाहुणे रागही सापडायला लागलेत. खतावणीत एके ठिकाणी "बसंती केदार" होतं. मला वाटलं दोन रागांमधला स्वल्पविराम राहिला. नाना म्हणाले, तो जोडराग, अल्लादियाखाँसाहेबांच्या घराण्याचा. मग त्या वाटेने त्या जयपूर-अत्रौली घराण्याची सगळी माणसं एकत्र काढली आणि दोन आठवडे दुसरं काही ऐकलं नाही. त्यातच केसरबाई केरकरांची ती साडेतीन मिनिटांची भैरवी ऐकली, जी 1977 साली व्हॉयेजर यानाबरोबर अवकाशात गेली. नानांना सांगितलं तर म्हणाले, "तिकडे ऐकणाऱ्याला वेळ कुठली आहे ते कसं कळणार?" मग स्वतःच म्हणाले, "भैरवी आहे, चालेल कधीही."

मधे एक अपघात झाला तो थोडक्यात. फेब्रुवारीत हार्ड डिस्क टकटक करायला लागली आणि दुसऱ्या दिवशी गेली. 22 कॅसेटींचं काम गेलं. पुन्हा केलं. आता दोन डिस्क आहेत, एक इथे, एक भावाकडे कोथरूडला. तिसरी तुझ्याकडे येतेय. जुलैत भाचा मिरजेला येणार आहे, त्याच्या हाती देतो. कपाटात ठेव, टीव्हीवर नको.

आता काम.

कॅसेट क्रमांक 43, बाजू ब. खतावणीत लिहिलंय: "मिरज, दर्गा, उरूस, 1986. रात्री उशिरा. कौशी कानडा. बाई. नाव —". पुढे रेघ. शेरा: "पुन्हा ऐकणे", खाली दोन रेघा. नाना तेव्हा टू-इन-वन घेऊन तुमच्या दर्ग्याच्या आवारात चिंचेखाली बसले होते. बाईंचं नाव पुकारलं तेव्हा ते कॅसेट उलटत होते. आलाप सुरू झालेलाच आहे अशी ती बाजू सुरू होते. 41 मिनिटं. मग टेप संपते, गाणं संपत नाही. पिकार्डला तो ठसा दाखवला, काही निघालं नाही. कसं निघणार? ही एकच प्रत आहे जगात.

1902 साली कलकत्त्याला गौहरजानची ध्वनिमुद्रणं झाली. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापायच्या, तिथल्या कारकुनाला कोणाचं गाणं ते कळावं म्हणून गाणं संपताच गायिका स्वतः इंग्रजीत नाव सांगायची, "माय नेम इज गौहरजान". आमच्या बाईंना शेवटी नाव सांगायचीही सोय नव्हती, टेपच संपली.

तर ही फाइल तुमच्या सतारमेकर गल्लीतल्या जुन्या मंडळींना ऐकव. उरुसाला वर्षानुवर्षं जाणारे कोणी असतील, दर्ग्यात विचार. तबला कोणाचा तेवढं कळलं तरी माग लागेल. आवाज पातळ नाही, खर्जात चांगला उतरतो, "नि" वर जरा जास्त वेळ थांबतात. पाचव्या मिनिटाला मागे कोणीतरी खोकतं, ते नाना. फाइलचं नाव "043-ब". गायकाचा रकाना मी रिकामा ठेवलाय, त्यात "अज्ञात" लिहू दिलं नाही नानांनी.

वहिनींना नमस्कार. पोरांना आशीर्वाद.

तुझा,
मध्या

ता. क. नाना विचारतायत, मिरजेला अजून रात्रभर बसतात का लोक. बसत असतील तर पुढच्या उरुसाला आम्ही दोघं येतो. या वेळी कॅसेट उलटायची नाही, असं त्यांनी मला दोनदा बजावलंय.