पॉइंट्सची किंमत रुपयांत छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

क्रेडिट कार्डाच्या पॉइंट्सवर विमानप्रवास कसा करावा, यावर आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. माहिती चांगली आहे, वाद नाही. पण कंपनीच्या खर्चाने महिन्यातून दोनदा उडणाऱ्या एकट्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिलेला वाटतो. नवरा-बायको, दोन शाळकरी मुले आणि सुट्ट्यांचे वेळापत्रक यांची मोट बांधून निघणाऱ्या घराचा हिशेब वेगळा असतो. मी पतसंस्थेत हिशेबाचे काम करते, आकडे दिसले की बेरीज केल्याशिवाय राहवत नाही.

आम्हा नागपूरकरांचेच घ्या. घरटी एक तरी पोरगा किंवा पोरगी पुण्यात हिंजवडी-खराडीत नोकरीला. दिवाळीत साऱ्यांना त्याच तीन-चार दिवसांत ये-जा करायची असते. ट्रॅव्हल्सवाले तेव्हा मनाला येईल ते भाडे सांगतात, रेल्वेचे आरक्षण उघडल्या उघडल्या वेटिंगवर जाते. ऑगस्ट २०२५ मध्ये अजनी–पुणे वंदे भारत सुरू झाली, हे झकासच झाले. पण पाच वर्षांच्या मुलाला बारा तास खुर्चीत बसवून आणणे ज्याने केले आहे त्यालाच ठाऊक. उरते विमान. आणि नागपूर-पुणे मार्गावर विमाने बहुतांश इंडिगोची. शेजाऱ्यांनी घेतले म्हणून आपणही एअर इंडियाचे पॉइंट्स देणारे कार्ड घेतले, तर मुंबई-दिल्लीला जाताना ते कामाला येईल, लेकीकडे पुण्याला जाताना फारसे नाही. सगळ्यात चांगले कार्ड कोणते, असे मला ऑफिसात नेहमी विचारतात. आपल्या गावच्या धावपट्टीवर कोणाचे विमान उतरते, ते आधी पाहा, असे मी सांगते. हे ऐकायला कोणाला आवडत नाही, ती गोष्ट वेगळी.

आता मुख्य मुद्दा. एका पॉइंटची किंमत किती, हे कोणी सरळ सांगत नाही. काढणे मात्र सोपे आहे. समजा तिकीट ९,००० रुपयांचे आहे. तेच पॉइंट्सवर घेतले तर १२,००० पॉइंट्स आणि वर कर-शुल्काचे १,००० रुपये रोख. म्हणजे वाचले ८,०००, भागिले १२,०००, पॉइंट पडला सदुसष्ट पैशांना. तोच पॉइंट बँकेच्या कॅटलॉगमधल्या मिक्सरवर उडवला, तर पुष्कळदा वीस-पंचवीस पैसेही हाती येत नाहीत. लेखात 'फुकट तिकीट' हा शब्द चार-पाच ठिकाणी आहे, पण ते कर-शुल्काचे रोख पैसे कुठेच नाहीत.

त्यातही दोन तऱ्हा आहेत. काही योजनांत पॉइंट्सचा भाव रोख भाड्याला बांधलेला असतो, भाडे चढले की तोही चढतो. अशा पॉइंट्सनी दिवाळी साधत नाही. ते जुलै-ऑगस्टच्या आडदिवसांत वापरले काय आणि दिवाळीत वापरले काय, सारखेच. दुसऱ्या प्रकारात अंतरानुसार ठरलेला तक्ता असतो. तिथे महागाईच्या दिवसांत खरा फायदा होतो, पण अशा जागा विमानात मोजक्या सोडतात. एकट्याला मिळून जाते. चौघांना एकाच विमानात मिळणे कठीण. आणि देशांतर्गत प्रवासात दोन वर्षे पूर्ण झालेल्या मुलाला स्वतंत्र सीट घ्यावीच लागते, त्यामुळे पॉइंट्सही बहुधा मोठ्यांइतकेच जातात.

मग लोक काय करतात, दोन तिकिटे पॉइंट्सवर आणि दोन रोखीने काढतात. हरकत नाही, पण इथे एक गोम आहे. बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला किमान एका पालकाशेजारी सीट द्यावी, असे डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीवर नजर ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेने, एप्रिल २०२४ मध्ये विमान कंपन्यांना बजावले. मात्र त्यात अट अशी, की ते पालक त्याच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगवर, असले पाहिजेत. हौसेने दोन्ही मुलांची तिकिटे पॉइंट्सवर काढली आणि आई-बाबा वेगळ्या पीएनआरवर राहिले, तर हा नियम दाखवून भांडता येत नाही. शेजारची सीट पैसे मोजून घ्या, हे ऐकून घ्यावे लागते. एक मोठा आणि एक लहान अशी जोडी करून दोन पीएनआर करावेत. काम भागते.

कुटुंबाच्या हिताची सोय म्हणजे पॉइंट्स एकत्र करणे. एअर इंडियाच्या महाराजा क्लब या पॉइंट्सच्या योजनेत घरच्यांचे पॉइंट्स एकत्र करता येतात, एमिरेट्स, कतार वगैरे परदेशी कंपन्यांतही तशी व्यवस्था आहे. चौघांच्या नावावर थोडे थोडे पडून कुजण्यापेक्षा एकाच्या खात्यात तिकिटापुरते जमलेले बरे. बँकेकडेही तसेच: घरात चार वेगवेगळी कार्डे घेण्यापेक्षा एकाच कार्डावर ॲड-ऑन, म्हणजे घरच्यांसाठी जोडकार्डे, काढली, की सगळ्या खर्चाचे पॉइंट्स एका जागी येतात. बिल भरायची जबाबदारी मात्र मूळ कार्डधारकाची, हे ॲड-ऑन कॉलेजातल्या चिरंजीवांच्या हाती देण्याआधी लक्षात घ्यावे. आणि बँकेचे पॉइंट्स विमान कंपनीकडे एकदा वळवले की परत येत नाहीत. आधी सीट दिसू द्या, मग वळवा.

आता कार्डाकडे वळू. महिन्याला ४०,००० रुपयांचा घरखर्च कार्डावर केला आणि पॉइंट्सच्या रूपाने त्याचे दोन टक्के मोल सुटले, तर वर्षाला ९,६०० रुपये होतात. वार्षिक शुल्क २,५०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे २,९५० वजा जाता उरले ६,६५०. वाईट नाही. पण एका महिन्याचे बिल थकले, तर महिना साडेतीन टक्क्यांच्या व्याजाने १,४०० आणि त्यावरचा जीएसटी धरून १,६५२ रुपये गेले. म्हणजे दोन महिन्यांच्या पॉइंट्सवर पाणी. उशिराचा दंड वेगळा, आणि मागची बाकी फिटेपर्यंत नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून व्याज. 'किमान रक्कम भरा' हे बटण ज्यांना दाबावे लागते, त्यांनी विमानाचे पॉइंट्स विसरून जावेत.

दोन टक्के तरी कुठे सगळीकडे मिळतात? सीताबर्डीत फ्रिज घ्यायला गेले, तर दुकानदार कार्ड पाहताच म्हणतो, 'ताई, स्वाइप केलं तर दोन टक्के वर लागतील.' झाले, पॉइंट्स तिथेच संपले. घरभाडे ॲपवरून कार्डाने भरायची क्लृप्ती मध्यंतरी फार चालली; बँकांनी त्यावर एक टक्का शुल्क लावले आणि कित्येक कार्डांवर भाडे, पेट्रोल, विमा, वीजबिल यांचे पॉइंट्स बंद किंवा कमी केले. रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडता येते, त्यामुळे किराणा दुकानाच्या क्यूआरवरही चार पॉइंट्स पडतात, एवढी एक बाजू बरी. ज्या कार्डाचे शुल्क वर्षभरात वसूल होत नाही, ते बंद करा. बाकी फेडलेली असेल, तर अर्ज केल्यापासून सात कामकाजी दिवसांत ते बंद व्हायलाच हवे, नाहीतर बँकेने दिवसाला ५०० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियमच आहे. फारच थोड्यांना हे माहीत असते.

आणखी एक. तिकीट रद्द केले, मग ते कितीही सवलतीचे आणि 'नॉन-रिफंडेबल' असो, सरकारी कर आणि विमानतळाचे शुल्क परत द्यावेच लागते, असा डीजीसीएचा नियम आहे. पॉइंट्सच्या तिकिटावर भरलेले ते रोख पैसे मागायला लाजू नका.

जमवून ठेवण्याच्या सवयीबद्दल मात्र मला ठामपणे सांगायचे आहे. आपण मराठी माणसे पॉइंट्सही मुदत ठेवीसारखे सांभाळतो, मुलीच्या लग्नानंतर युरोपला जाऊ म्हणून. त्यांना व्याज नाही, उलट घसारा आहे. १७ एप्रिल २०१९ ला जेट एअरवेज बंद पडली. जेटप्रिव्हिलेज या तिच्या योजनेचे मैल, म्हणजे पॉइंट्सच, वेगळ्या कंपनीकडे होते म्हणून खात्यात राहिले, पण ज्या विमानांसाठी जमवले तीच गेली. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, पॉइंट्स तिकडे गेले, पण विस्ताराच्या नावाची कार्डे बंद झाली. हे तरी मोठे प्रसंग. एरवी तक्ता बदलतो आणि कालपर्यंत १२,०००ला मिळणारे तिकीट आज १८,०००ला होते, त्याची बातमीही होत नाही.

माझी मागणी इथे आहे. कार्डाच्या शुल्कात बदल करायचा, तर बँकेला निदान महिनाभर आधी कळवावे लागते. विमान कंपनीने पॉइंट्सचा भाव वाढवायचा तर तीन महिन्यांची पूर्वसूचना सक्तीची करावी, आणि शिल्लक पॉइंट्स रुपयांत किती भरतात व कधी बाद होतात, ते दर महिन्याच्या विवरणपत्रात छापावे. अमेरिकेच्या वाहतूक खात्याने सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकन, डेल्टा, साउथवेस्ट आणि युनायटेड या चार कंपन्यांकडून त्यांच्या योजनांचा तपशील मागवला होता, त्यात पॉइंट्सचा भाव घटवण्याचाही मुद्दा होता. आपल्याकडे रिझर्व्ह बँक आणि डीजीसीए यांनी एकत्र बसून ठरवावे, कारण हे पॉइंट्स बँकेतून निघून विमानात उतरतात आणि तक्रार घेऊन गेले की दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात.

तोवर आपल्या पुरवणीने 'टॉप दहा कार्डे' छापण्याऐवजी नागपूर, नाशिक, संभाजीनगर, कोल्हापूरहून कोणत्या कंपनीचा पॉइंट किती पैशांना पडतो, याचा तक्ता दर तीन महिन्यांनी द्यावा. हिशेबाला माणूस कमी पडला तर कळवा, मी रविवारी मोकळी असते.

आपली नियमित वाचक,
प्रतापनगर, नागपूर