जुन्या पाकिटांवरची तिकिटे सोडवू नका

महोदय,

१ जुलै १८५२ रोजी सिंधमध्ये आशियातले पहिले टपाल तिकीट निघाले, 'सिंद डाक'. किंमत अर्धा आणा. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता आणि ते काढणारे आयुक्त बार्टल फ्रिअर पुढे मुंबईचे गव्हर्नर झाले; मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडला तो त्यांच्याच काळात. पहिली तिकिटे तांबड्या लाखेची होती, ईस्ट इंडिया कंपनीची मुद्रा उठवलेली गोल चकती. देखणी, पण इतकी ठिसूळ की पत्र हाताळतानाच तडकायची. म्हणून आज अखंड अशी फारच थोडी उरली आहेत. नंतर पांढरी, मग निळी निघाली. १८५४ मध्ये सर्व हिंदुस्थानसाठी तिकिटे आल्यावर ही बंद झाली.

हे आठवले ते आजोबांची ट्रंक उघडताना. त्यांच्या पाकिटांवरची तिकिटे लहानपणी मीच कोमट पाण्यात भिजवून सोडवली आणि डिंकाने वहीत चिकटवली. प्रत्येकावर गोल शिक्क्याचा जेमतेम पाव भाग आहे, गावाचे नाव पाकिटाबरोबर गेले. पत्र कुठून, कधी निघाले हे तो शिक्काच सांगतो. माळ्यावर जुनी पत्रे सापडली तर कृपया पाकीट अख्खेच जपा.

– एक वाचक, पुणे