स्वमग्न मुलाच्या आईला जाब विचारू नका

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीतल्या मुलांच्या मोबाइल-वेडावरील लेखात ‘मोबाइलमुळे मुले स्वमग्न होतात’ असे एक वाक्य ओझरते येऊन गेले. स्वमग्नता म्हणजे ऑटिझम; त्यात मुलाला इतरांशी संवाद साधणे आणि माणसांत रमणे जड जाते. दोन वर्षांपूर्वी हेच वाक्य मी माझ्या सुनेला ऐकवले होते. त्याने काय होते ते मी घरात पाहिले आहे, म्हणून हे पत्र.

नातू दीड वर्षाचा असताना त्याला अंगणात नेऊन ‘काऊ कुठाय? दाखव काऊ’ म्हटले तरी तो कधी बोट करत नसे. काही हवे असले की माझे मनगट धरून माझा हात डब्यावर नेऊन ठेवायचा, तोंडाकडे मात्र बघायचा नाही. तासन्‌तास चिंचोक्यांची रांग लावायचा. कुकरची शिट्टी झाली की कान दाबून कोपऱ्यात जाऊन बसायचा. सून म्हणत होती, काहीतरी वेगळे आहे. मी आयुष्यभर पहिली-दुसरीची मुले शिकवली, तरी ‘मुलगे उशिराच बोलतात’ हेच धरून बसले. डॉक्टरांनीही तेच सांगितले. त्यात एक वर्ष गेले. बोलू लागला तेव्हा तहान लागली की ‘तुला पाणी हवंय का?’ असे म्हणायचा. आम्ही त्याला जे विचारत असू, तेच जसेच्या तसे.

अमेरिकेतल्या बाल्टिमोरचे मुलांचे मानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ स्वमग्न मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात नेमके हेच आहे: ‘मी’च्या जागी ‘तू’, आणि ऐकलेले वाक्य तसेच परत. त्या काळी अमेरिकेतसुद्धा टीव्ही घरोघरी पोचलेला नव्हता, मोबाइल तर दूरच. पण पुढे कित्येक वर्षे तिथल्या डॉक्टरांनीही आईच्या मायेला थंड ठरवून तिच्यावर खापर फोडले. १९७७ मध्ये सुझन फोल्स्टीन आणि मायकल रटर या संशोधकांनी ब्रिटनमधल्या जुळ्यांच्या २१ जोड्या अभ्यासल्या. प्रत्येक जोडीत किमान एक मूल स्वमग्न होते. एकसारख्या जुळ्यांच्या ११ जोड्यांपैकी ४ जोड्यांत दुसरे मूलही स्वमग्न निघाले, वेगळ्या दिसणाऱ्या जुळ्यांच्या १० जोड्यांपैकी एकीतही नाही. घर तेच आणि आईही तीच, तरी हा फरक; कारण एकसारख्या जुळ्यांचा आनुवंशिक वारसा एकच असतो, वेगळ्या दिसणाऱ्यांचा नाही. पुढच्या अभ्यासांनीही आनुवंशिकतेचा वाटा मोठा असल्याचेच दाखवले. गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीवरही असाच आळ आला होता. १९९८ चा तो आळ घेणारा १२ मुलांवरचा लेख ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला.

तान्ह्या मुलाच्या हाती मोबाइल देऊ नये, हे मलाही मान्य आहे. त्याच्याशी बोलण्याचा वेळ त्यात जातो. पण ज्या मुलाला माणसांत रमणे जड जाते, ते पडद्याकडे आधीच ओढले जाते. ते न बघता आपण मोबाइलला कारण ठरवून मोकळे होतो.

रक्त तपासून ऑटिझम ठरवता येत नाही. मूल खेळताना बघायचे आणि घरच्यांना विचारायचे, हीच त्याची तपासणी. आपल्याकडे दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी वापरतात त्या भारतीय मोजपट्टीत ४० मुद्दे आहेत, आणि तीही अशीच बघून-विचारून भरतात. म्हणजे आई जे सांगेल त्यावर बरेच अवलंबून. आम्ही पहिल्यांदा तपासणीला गेलो तेव्हा पहिलाच प्रश्न आला, ‘मोबाइल किती वेळ देता?’ माझे बोलणे सुनेच्या मनात होतेच. पुढच्या प्रत्येक प्रश्नाला तिने घाबरून ‘हो, करतो’ म्हटले. बोट दाखवतो? हो. हाकेला वळतो? हो. आम्ही तसेच परत आलो. दुसऱ्या ठिकाणच्या बाई त्याच्याशी जमिनीवर बसून खेळल्या आणि सुनेला म्हणाल्या, ‘तुम्हाला घरी काय दिसतं ते सांगा.’ तेव्हा तिने तारखा घालून लिहिलेली वही पर्समधून काढली. ती वही घरात आहे हे मलाही ठाऊक नव्हते.

गोव्यात ‘संगाथ’ संस्थेकडून आणि पाकिस्तानात रावळपिंडीत झालेला स्वमग्न मुलांवरचा एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. २ ते ९ वर्षांची ६५ मुले त्यात होती. आईवडील मुलाशी खेळतात त्याचे चित्रीकरण करायचे, मग तज्ज्ञ नसलेल्या पण शिकवून तयार केलेल्या कार्यकर्त्यांनी ते त्यांच्यासोबत बसून बघायचे: इथे त्याने तुमच्याकडे पाहिले, इथे तुम्ही थांबलात. अशा घरांत आईवडील मुलाच्या कलाने प्रतिसाद देऊ लागले आणि मुले आपणहून जास्त वेळा संवाद सुरू करू लागली. सगळेच सुधारले असे नाही. मूल आणि पालक दोघांनी मिळून एकाच गोष्टीकडे लक्ष देण्याचा वेळ उलट कमी झाला, आणि संशोधकांनी तेही लपवले नाही. मला त्या अभ्यासातले आईला शेजारी बसवून घेणे फार मोलाचे वाटते.

आपणास विनंती की त्या वाक्याचा खुलासा छापावा. त्याच चौकटीत हेही यावे की राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, त्याच्या तपासणीत ऑटिझमही आहे, आणि पुढच्या तपासणीसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रे आहेत. दीड वर्षाचे मूल बोट करून काही दाखवत नसेल, हाकेला वळत नसेल, तर ‘बोलेल उशिरा’ म्हणून थांबू नये. आम्ही थांबलो होतो.

आपली,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका, चिपळूण