मनू माहेरी येण्याआधी

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

मनू सातव्यात येतेय. खोलीची तयारी झालीच असेल. मी मात्र तिच्या लघवीच्या तपासणीबद्दल लिहितेय. फोनवर हे नीट सांगून होत नाही.

आई, लघवीला जळजळ झाली की तू 'उन्हाळी लागली' म्हणतेस आणि धने-जिऱ्याचं पाणी देतेस. ते पाणी चांगलंच, पण त्याने जंतू मरत नाहीत. शिवाय गरोदरपणात जंतू वाढत असतात आणि जळजळ नाही, ताप नाही, काहीच जाणवत नाही, असं शंभरात दोन ते दहा जणींना होतं. औषध मिळालं नाही तर त्यातल्या बऱ्याच जणींचा संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढतो. मग थंडी वाजून ताप, सलाइन, आणि कधी दिवस भरायच्या आधीच कळा. 'तिला काही त्रास नाही ना, मग कशाला तपासायचं' असं म्हणून चालत नाही ते यासाठीच.

या दिवसांत हे इतकं का होतं? प्रोजेस्टेरॉन या हार्मोनमुळे मूत्रपिंडाकडून येणाऱ्या नळ्या सैलावतात, वाढलेलं गर्भाशय त्यांच्यावर दाब देतं, उजवीकडच्या नळीवर जास्त. लघवी पुढे सरकायची ती रेंगाळते. बाईचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटीमीटरचा, आणि शौचाची जागा अगदी जवळ. बहुतेक वेळा सापडतो तो ई. कोलाय, आपल्याच आतड्यातला जंतू.

बाबा, हे काम तुमच्याकडे. साध्या तपासणीत पट्टी बुडवून साखर आणि प्रथिनं बघतात, ती पुरेशी नाही. 'युरिन कल्चर', म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखायची तपासणी, असं स्पष्ट मागा. पहिल्या तीन-चार महिन्यांत ते व्हायला हवं होतं, मनूच्या फाइलमध्ये रिपोर्ट आहे का बघा. नसला तर आल्या आठवड्यातच करा. डबी लॅबमधून बंद, निर्जंतुक अशीच आणायची, घरातली बाटली उकळून घेतलेली नको. मनूने आधी साध्या पाण्याने जागा धुवायची, हात साबणाने धुवायचे, बोटांनी कडा बाजूला धरायच्या, पहिली धार सोडून द्यायची आणि मधली धार डबीत घ्यायची. २०-३० मिली पुरे. डबीच्या आत किंवा झाकणाच्या आत बोट लागू द्यायचं नाही. दोन तासांच्या आत लॅबमध्ये पोचवा. जमणार नसेल तर फ्रिजमध्ये ठेवा आणि तालुक्याला नेताना बर्फाच्या डब्यातून न्या. डबी उन्हात तासन्‌तास राहिली की जंतू डबीतच वाढतात आणि रिपोर्ट चुकीचा येतो. रिपोर्टमध्ये 'मिश्र जंतू' लिहिलं असेल तर बहुधा नमुना बिघडलाय, पुन्हा द्यायचा. एकाच जातीचे, मिलिलिटरमागे १ लाख किंवा जास्त जंतू असतील तर त्रास नसला तरी उपचार लागतो. अँटिबायोटिक सुरू करण्याआधीच नमुना द्यायचा, नंतर दिला तर जंतू असूनही सापडेलच असं नाही.

मेडिकलवाल्याला विचारून गोळी आणू नका. याबाबत मी कडकपणे सांगतेय. नॉरफ्लॉक्स, सिप्रो या गोळ्या लघवीच्या त्रासाला सर्रास दिल्या जातात, गरोदरपणात त्या टाळतात. नायट्रोफ्युरँटॉइन एरवी चालते, पण दिवस भरत आल्यावर नको, बाळाच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. सेफॅलेक्सिन, अमॉक्सिसिलिन, फॉस्फोमायसिन यांतलं काय द्यायचं ते कल्चर बघून डॉक्टर ठरवतील. फॉस्फोमायसिन बहुधा एकदाच घ्यायचं असतं, बाकीच्यांचा साधारण पाच-सात दिवसांचा कोर्स असतो. दोन दिवसांत बरं वाटलं तरी तो पुरा करायचा, आणि संपल्यावर आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा कल्चर.

आता रोजचं. पाणी दिवसाला अडीच-तीन लिटर, उन्हाळ्यात थोडं जास्तच, पण एकदम तांब्याभर नको, दिवसभर थोडं थोडं. लघवी फिकट पिवळी दिसली की पुरेसं. बी-कॉम्प्लेक्स घेत असली तर ती गडद पिवळीच दिसते, तेव्हा रंगावर जाऊ नका. दर दोन-तीन तासांनी जायचं, धरून ठेवायचं नाही. झाल्यावर मिनिटभर थांबून, थोडं पुढे वाकून पुन्हा एकदा प्रयत्न करायचा, म्हणजे उरलेली निघते. धुणं-पुसणं नेहमी पुढून मागे. जेटचा फवारा मागून पुढे मारला की घाण पुढेच येते. डेटॉल, सुगंधी वॉश आत काही नको. चड्डी सुती, ओली झाली की बदलायची. संबंधांनंतर लगेच लघवी करायची, हे मी तिला वेगळं कळवते. लोहाच्या गोळ्यांनी शौच खडा होतो, त्यानेही लघवी अडते, म्हणून जेवणात पालेभाजी, भिजवलेल्या मनुका, पेरू.

आपला संडास मागच्या अंगणापलीकडे आहे. अंधारात पोट सांभाळत जायला नको म्हणून रात्री ती लघवी धरून ठेवेल. तिच्या खोलीत खुर्चीचा कमोड ठेवा आणि पडवीचा दिवा रात्रभर चालू ठेवा. खर्च थोडा, पण हे नक्की करा.

वारंवार लघवीला लागणं या दिवसांत स्वाभाविक आहे. जळजळ, लघवीत रक्त, ओटीपोटात दुखणं स्वाभाविक नाही. ताप १००.४ च्या वर, हुडहुडी, उलट्या, किंवा बरगडीखाली पाठीत एका बाजूला ठणका लागला तर त्याच दिवशी दवाखान्यात न्या, रात्र असली तरी. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघू नका.

आणि आई, बाळंतपणानंतर 'बाळंतिणीला पाणी कमी' हे यावेळी करू नकोस. सिझेरियन झालं तर लघवीची नळी लावलेली असेल आणि ती काढल्यावर जंतू वाढायला वाव असतो. तहान लागेल तितकं पाणी तिला दे, कोमट हवं तर कोमट.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते. बाबा, आधी तिथेच चौकशी करा, कल्चर तिथे होतं की बाहेर पाठवतात. कळलं की मला फोन करा, डबी कधी न्यायची ते ठरवू.

तुमची,
ताई