६७ की ७७

प्रिय बाळा,

काल फोनवर तू म्हणालास आता कुस्तीत ६७ किलोच्या गटात उतरणार, आणि मी नुसतं बरं म्हटलं कारण बाबा शेजारीच बसले होते. पण झोप लागली नाही म्हणून लिहितेय. वजनावरून लेक्चर देणार नाहीये.

कारण कळतं रे मला. तुझा ७२ चा गट ऑलिम्पिकमध्ये नाहीच, ६७ नंतर एकदम ७७. पाच किलो खाली नाहीतर पाच किलो वर. पण सगळे खालीच का बघता तुम्ही? ७२ मधून पाच म्हणजे जवळजवळ सात टक्के शरीर, आणि त्यातलं शेवटचं सगळं पाणीच असतं ना. पूर्वी आदल्या दिवशी वजन व्हायचं, रात्रभर भरून काढता यायचं. आता त्याच दिवशी सकाळी काटा आणि थोड्या वेळात मॅट, दुसऱ्या दिवशीही लढत असेल तर परत काटा. तुझ्या ग्रीको-रोमन कुस्तीत पायाला हात लावता येत नाही, सगळं कंबरेच्या वरून, पार्टेरमध्ये, म्हणजे एक खाली आणि दुसरा वर असताना, खाली चिकटून पडलेल्या माणसाला नुसत्या पाठीच्या जोरावर उचलायचं. सुकलेल्या अंगात तो जोर कुठून आणणार?

१९९७ मध्ये अमेरिकेत कॉलेजचे तीन पैलवान वजन तोडताना गेले. रबरी सूट घालून गरम खोलीत व्यायाम, पाणी बंद. तुझ्याच वयाची पोरं होती. जाऊ दे, झालंच लेक्चर, सॉरी.

तुला आठवतं, पॅरिस ऑलिम्पिकची, त्या क्युबाच्या मिहाइन लोपेझची फायनल तू मला उठवून दाखवली होतीस? २००८ पासून २०२४ पर्यंत सलग पाच गोल्ड, वयाची चाळिशी उलटलेली, आणि जिंकल्यावर बूट काढून मॅटवर ठेवून गेला. तू रडत होतास, मी त्याच्याकडे नाही तुझ्याकडेच बघत होते, तुझा तो डावा कान तेव्हा नुकताच सुजून कडक झालेला आणि तू म्हणालास आता खरा पैलवान दिसतो. मला तो कान बघवत नव्हता आणि तरी कोणी आलं की मीच दाखवायचे. ज्युनिअरच्या सेमीत तू त्या उंच पोराला मागे फेकलास, पाच पॉइंटचा थ्रो, तेव्हा मी एवढी ओरडले की मावशी घाबरली. हरलास त्या दिवशी, पण तो थ्रो मी अजून मोबाईलवर बघते.

त्या थ्रोच्या वेळी तू पोटभर जेवलेला होतास, एवढंच म्हणते. ७७ मध्ये ताकद यायला वर्ष दीड वर्ष गेलं तरी जाऊ दे, सुरुवातीला मार खाशील, चालेल. आणि तू आणि कोचनी ६७ च ठरवलं तर निदान हळूहळू उतर, महिने घे, शेवटच्या आठवड्यात सॉना नको, एकटा तर अजिबात नको, लघवी गडद झाली की थांबायचं. तिथल्या डॉक्टरांचा नंबर मला पाठव.

बाबा काही बोलत नाहीत पण काल त्यांनी ७७ च्या लढती लावल्या होत्या, मला विचारत होते हा आपल्यापेक्षा उंच आहे का गं.

कोचना ७७ बद्दल एकदा नीट विचार. मी परत हा विषय काढणार नाही. विचारलंस की लगेच कळव मात्र, आणि आज सकाळी वजन किती भरलं तेही.

आई