आईची साखर उतरली, आता किडनी तपासून घ्या

लेस्टर, इंग्लंड

ती. स्व. दादा आणि वहिनींस शि. सा. नमस्कार.

आईची उपाशीपोटीची साखर हल्ली ऐंशीच्या आत येते, गोळी अर्धी केली तरी चढत नाही, हे वहिनींकडून कळलं. खाणं तेच, चालणं तेच आणि साखर मात्र आपोआप उतरली, याचा आनंद मानायच्या आधी किडनी तपासायला हवी. अंगातलं बरंचसं इन्सुलिन मोडून काढायचं काम किडनी करते. ती मंदावली की इन्सुलिन रक्तात जास्त वेळ टिकतं, तिच्या साखरेच्या गोळीचा, ग्लिमेपिराइडचा, अंशही रेंगाळतो, आणि वर्षानुवर्षं चालत आलेला डोस अचानक भारी पडायला लागतो.

तुम्ही पाठवलेल्या रिपोर्टात क्रिएटिनिन 1.2 आहे. लॅबने ते ठळक केलेलं नाही, म्हणून कोणाचं लक्ष गेलं नसावं. क्रिएटिनिन हा स्नायूंतून तयार होणारा कचरा, तो किडनी गाळून टाकते. आईसारख्या 72 वर्षांच्या, अंगाने बारीक बाईत मुळात स्नायूच कमी, त्यामुळे किडनी बरीच थकली तरी हा आकडा बेताचाच दिसतो. तिचं वय आणि स्त्री असणं धरून ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते याचा अंदाज, काढला की तो 48 येतो. 60 च्या खाली तो तीन महिने टिकून राहिला तर किडनीचा जुनाट आजार म्हणतात. म्हणून एका रिपोर्टावर शिक्का मारायचा नाही. तीन महिन्यांच्या अंतराने पुन्हा रक्त द्यायचं.

त्याच्या जोडीला लघवीची एसीआर, म्हणजे अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो, ही तपासणी हवी. साध्या लघवीच्या तपासणीत 'प्रोटीन नाही' असं आलं तरी थोडं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) निसटून जात असू शकतं, ते पट्टीवर उमटत नाही. सकाळची पहिली लघवी द्या. ताप असताना किंवा लघवीला जळजळ असताना देऊ नका, आकडा खोटाच वाढतो. आकडा (mg/g मध्ये) 30 च्या आत असेल तर ठीक, 30 ते 300 मध्ये किडनीची गाळणी गळायला लागलेली असते, त्यापुढे गळती मोठी. वाढीव आला तर दोन-तीन महिन्यांत पुन्हा करून खात्री करा. मधुमेह असलेल्या प्रत्येकाची ही तपासणी वर्षातून एकदा व्हायला हवी, आणि नेमकी हीच राहून जाते.

गळती निघाली तर डॉक्टर बहुधा टेल्मिसार्टनसारखी बीपीची गोळी देतील. ती सुरू केल्यावर दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम बघायचं. क्रिएटिनिन थोडं वाढतं. ते 30 टक्क्यांपर्यंत वाढलं तर घाबरून गोळी बंद करू नका. गाळणीवरचा दाब उतरल्याची ती खूण असते. डॅपाग्लिफ्लोझिन या साखरेच्या गोळीबद्दलही विचारा. 2020 नंतर भारतात ती बऱ्याच कंपन्यांची आणि स्वस्तात मिळते, आणि किडनीची घसरण सावकाश करते हे मोठ्या चाचण्यांत दिसलंय. मात्र तिच्यामुळे लघवीतून साखर जाते, म्हणून त्या जागी खाज आणि बुरशी होऊ शकते. आई लाजून सांगणार नाही, वहिनींनीच विचारावं. निर्जळी एकादशीला किंवा नवरात्रात नऊ दिवस पोट रिकामं ठेवून ही गोळी घेणं धोक्याचं, अंगात कीटोन (चरबी जळून होणारं आम्ल) वाढतात. उपवास करायचाच असेल तर डॉक्टरांना आधी विचारा.

साखरेची दुसरी गोळी, मेटफॉर्मिन 500 ची, सकाळ-संध्याकाळ चालू आहे, ती ईजीएफआर 48 ला चालेल. तो 30 च्या खाली गेला की बंद. खरी चिंता ग्लिमेपिराइडची आहे. पहाटे घाम, थरथर, चिडचिड, असंबद्ध बोलणं झालं तर झोपेत आहे समजून सोडू नका. साखर 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजा, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, सावरली की काहीतरी खायला द्या. या गोळीने उतरलेली साखर काही तासांनी पुन्हा उतरते, त्यामुळे बरं वाटलं तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्या. शुद्ध हरपली तर तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा. तिच्या वयाला एचबीए1सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) सात ते आठ टक्क्यांच्या मधे असलं तरी पुरे, सहाचा हट्ट नको.

आता गुडघ्याच्या गोळ्या. आमच्या मते या सगळ्यात मोठं नुकसान त्यांनीच होतं. डायक्लोफेनॅक, अ‍ॅसेक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, नाप्रोक्सेन, काहीच नको. मेडिकलवाला 'साधी पॅरासिटामॉलच आहे' म्हणून देतो त्या पाकिटामागे पुष्कळदा अ‍ॅसेक्लोफेनॅकही छापलेलं असतं, तेव्हा पाकीट उलटून वाचा. टेल्मिसार्टन, लघवीची गोळी आणि ही वेदनाशामक गोळी एकत्र आली की किडनीला जाणारं रक्तच तुटतं. नुसती पॅरासिटामॉल 500 ची चालेल, दिवसात चारपेक्षा जास्त नको. भस्म आणि नाव नसलेल्या पुड्या बंद; काहींत शिसं आणि पारा सापडलाय.

पाय सुजले म्हणून लगेच किडनीवर ढकलू नका. तिची बीपीची अ‍ॅम्लोडिपिनही घोटे सुजवते. त्या सुजेवर लघवीची गोळी, तिने सोडियम कमी, मग चक्कर, अशी रांग लागते. बीपी बसून घ्या, मग उभं करून एक मिनिटाने पुन्हा घ्या. उभ्याने वरचा आकडा 20 ने पडत असेल तर डॉक्टरांना सांगा, पडून हाड मोडायला वेळ लागत नाही.

उलट्या-जुलाब झाले तर टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन, डॅपाग्लिफ्लोझिन आणि लघवीची गोळी थांबवायची. नीट खाणंपिणं सुरू होऊन एक-दोन दिवस गेले की पुन्हा चालू. हे डॉक्टरांकडून आत्ताच लिहून घ्या. ग्लिमेपिराइडचंही त्याच कागदावर लिहून घ्या, कारण पोटात अन्न नसताना तीच साखर पाडते.

मीठ सगळं मिळून दिवसाला एक सपाट चमचा. त्यात लोणचं, पापड, फरसाणही आलं. सैंधवातही सोडियमच असतं. 'लो सोडियम' मीठ आणू नका, त्यात पोटॅशियम असतं. पण पोटॅशियम वाढल्याचा रिपोर्ट नसताना फळं-भाज्या तोडू नका. डाळही बंद करू नका. तिच्या 55 किलोला दिवसाला 44 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात, ती तोडली तर हातापायातलं उरलंसुरलं बळ जाईल. किडनी धुऊन निघावी म्हणून तांबे-तांबे पाणी पाजायचीही गरज नाही, तहानेप्रमाणे प्यावं.

येत्या सोमवारी घरातल्या सगळ्या गोळ्या, गुडघ्याच्यासुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांकडे न्या. कागदावर क्रिएटिनिन, ईजीएफआर, पोटॅशियम, हिमोग्लोबिन आणि लघवीची एसीआर एवढं लिहून घ्या. रिपोर्ट आले की फोटो पाठवा, पानाची दोन्ही बाजू.

आईस साष्टांग नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
धाकटी दोघं